संदर्भ मोजायचे नसतात, तपासायचे असतात

"मॅडम, संदर्भ किती टाका लागते?" अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. सत्राचे शेवटचे आठवडे आले की हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. विचारणारी मुलं तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर, मूर्तिजापूरकडची असतात. एस.टी.नं येतात, घरचं काम उरकून येतात, पुस्तकं मन लावून चाळतात. विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा असतो: कापूस, पाणी, बचतगट, गावातली जत्रा, एखादा संत. तरी त्यांना संदर्भाविषयी ठाऊक असतं ते एवढंच, की प्रबंधाच्या शेवटी एक यादी लागते आणि ती लांब असली तर बरी दिसते.

माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्यांच्यावाचून तुमचं म्हणणं उभं राहत नाही, तेवढे संदर्भ द्या. त्यातला प्रत्येक स्वतः पाहा, आणि तो काय म्हणतो, का म्हणतो, कुठे कमी पडतो, हे तुमच्या शब्दांत सांगा. हे उत्तर मुलांना नवं वाटतं याची मला काळजी वाटते. पदवीची तीन वर्षं आणि पदव्युत्तरची दोन संपेपर्यंत आपण त्यांना आधार कसा घ्यायचा हे शिकवत नाही. मग एकदम पीएच.डी.च्या दारात उभं करून प्लेजरिझमचा रिपोर्ट मागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांमध्ये एक वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नाव देऊन, अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीत धरायची नाही. सर्वसामान्य माहितीचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडून द्यायचे. असे नियम हवेच होते. अख्खी प्रकरणं उचलून पदव्या मिळत होत्या, त्याला त्यामुळे काही आळा बसला.

पण या नियमांमधून आपण उचलला तो फक्त आकडा. "रिपोर्ट किती आला?" एवढंच संशोधक एकमेकांना विचारतात. आकडा खाली आणण्याची एक पद्धतही रूढ झाली आहे. वाक्य उलटंपालटं करायचं, क्रियापदं बदलायची, लांब वाक्याची दोन करायची, मूळ लेखकाचं नाव गाळायचं. रिपोर्ट 'क्लीन' येतो आणि चोरी मात्र पूर्ण होते, कारण विचार दुसऱ्याचा राहिला आणि त्याचं नावही गेलं. शिवाय सॉफ्टवेअर तुलना करतं ती त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशी. या. मा. काळे यांचा १९२४चा 'वऱ्हाडचा इतिहास', जुन्या मासिकांचे अंक, गावोगावच्या स्मरणिका, हे सगळं त्या साठ्यात असेलच याची खात्री कोण देणार? मराठीत संशोधन करणाऱ्याचा प्रामाणिकपणा यंत्राच्या हवाली करून चालणार नाही. तो मार्गदर्शकानं, परीक्षकानं आणि ग्रंथपालानं मिळून घडवावा लागेल.

या घडवण्याची परंपरा आपल्या मातीत आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथंच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांच्या पाठात ती होती, त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली.

स्मरणं सगळी जुळली नाहीत. अशा वेळी एकच पाठ खरा मानून बाकीचे पुसून टाकणं सोपं होतं. पंथातल्या जाणत्यांनी ते केलं नाही. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा असा, रामेश्वरबासांचा असा, हे भेद नावानिशी पोथ्यांमधून चालत आले. हिराइसा ही स्त्री. तिच्या स्मरणशक्तीचा पंथानं आधार घेतला आणि तो घेतला हे लिहूनही ठेवलं. म्हणूनच सातशे वर्षांनंतर मला तिचं नाव ठाऊक आहे. संदर्भ देण्याचं याहून मोठं कारण मी विद्यार्थ्यांना सांगू शकत नाही.

विसाव्या शतकात याच पोथ्यांवर वऱ्हाडातल्या माणसांनी आयुष्यं घातली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या माध्यमातून पोथ्या जमवल्या आणि महानुभावीय वाङ्मयावर ग्रंथ लिहिला. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढच्या विदर्भ महाविद्यालयात, वि. भि. कोलते मराठी शिकवत असत. पुढे त्यांनी 'लीळाचरित्रा'चं संपादन केलं. या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये होत्या. त्या मिळवायच्या तर महंतांचा विश्वास कमवावा लागे. मिळाल्या तर एकेक प्रत ताडून पाहावी लागे, आणि पटलेला पाठ वर घेतला तरी न पटलेला तळटीपेत जपावा लागे. तळटीप ही त्यांच्यासाठी संशोधनाचा गाभाच होती.

आता आजच्या प्रबंधांकडे येऊ. वऱ्हाडच्या इतिहासावर किंवा समाजावर लिहिलेला प्रबंध उघडला की पहिल्या प्रकरणात 'जिल्ह्याची ओळख' असते. तिचा मूळ मजकूर बहुतेकदा गॅझेटिअरचा. आल्फ्रेड लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७०चं. अकोला जिल्ह्याचं १९१०चं आणि अमरावतीचं १९११चं. स्वातंत्र्यानंतर राज्य शासनानं ती नव्यानं केली. एका गॅझेटिअरनं आधीच्यातून घेतलं, त्यातून एका पुस्तकानं, पुस्तकातून एका प्रबंधानं आणि त्या प्रबंधातून पुढच्या प्रबंधांनी. आज 'शोधगंगा' या ऑनलाइन भांडारात लाखो प्रबंध घरबसल्या वाचायला मिळतात. ही फार मोठी सोय आहे. पण त्यामुळे मूळ पुस्तक न उघडता त्याचा संदर्भ देणंही सोपं झालं. यादीत नाव लायलचं असतं, वाचलेला असतो मागच्या वर्षीचा प्रबंध. मधल्या कुणाची छपाईची चूक झालेली असेल तर तीही पुढे चालत राहते.

मूळ उघडण्याचं महत्त्व चूक टाळण्यापुरतं नाही. १८५३च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. त्यांना इथला कापूस हवा होता आणि शेतसारा हवा होता. गॅझेटिअर लिहिणारा अधिकारी याच कारभाराचा भाग होता. तो कुणब्याविषयी, कोरकूंविषयी, सावकाराविषयी जे लिहितो, ते त्याच्या खुर्चीतून दिसलेलं आहे. त्या काळच्या सरकारी लिखाणात शेतकऱ्याच्या कर्जाचं खापर लग्नकार्यातल्या खर्चावर फोडण्याची सवय जागोजागी दिसते. ते वाक्य १५० वर्षांनी एखाद्या प्रबंधात, लेखक आणि काळ न सांगता, सिद्ध झालेलं सत्य म्हणून अवतरतं, तेव्हा संशोधक नकळत त्या अधिकाऱ्याची बाजू घेऊन बोलत असतो. शेतकऱ्याच्याच घरातला मुलगा आपल्या आजोबा-पणजोबांविषयी असं लिहितो, हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

तेच दप्तर दुसऱ्या नजरेनंही वाचता येतं. लक्ष्मण सत्या यांचं १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं इंग्रजी पुस्तक १९९७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी इंग्रजी कारभाराचीच कागदपत्रं वापरली, पण प्रश्न वेगळा विचारला. कापूस वाढत असताना माणसं उपाशी का मरत होती? साधन तेच, विचारणारा बदलला आणि उत्तर बदललं. प्रबंधात हेच दिसलं पाहिजे. साधनापुढे तुम्ही कोणता प्रश्न घेऊन गेलात, हे वाचकाला कळलं पाहिजे.

आकड्यांच्या बाबतीत ही गरज आणखी तीव्र आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती विभागातले पाच जिल्हे व वर्धा इथल्या शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून शेतकरी आत्महत्यांवर इथं असंख्य प्रबंध आणि लघुप्रबंध लिहिले गेले. बहुतेकांमध्ये एक तक्ता असतो आणि खाली 'स्रोत : शासकीय आकडेवारी' असं लिहिलेलं असतं. एवढ्यानं वाचकाच्या हाती काही लागत नाही.

आत्महत्यांची महसूल यंत्रणेकडची नोंद ठेवली जाते ती मदत द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, ते थकलं होतं का, हे पाहून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतो. तिथं मृताचा व्यवसाय काय लिहिला यावर सगळं अवलंबून असतं. २०१४च्या अहवालापासून शेतकरी आणि शेतमजूर वेगळे दाखवले जातात, म्हणून त्याआधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येत नाही. मक्त्यानं वावर कसणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो एका यादीत अपात्र ठरतो. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेली बाई 'गृहिणी' म्हणून नोंदली जाऊ शकते. जो संशोधक तक्त्याखाली कुणाची नोंद, कशासाठी ठेवलेली, त्यात कोण बसत नाही हे चार ओळींत लिहितो, त्यानं त्या मृत माणसांना न्याय दिला. ज्यानं फक्त तक्ता चिकटवला, त्याच्या हातून यादीबाहेरची माणसं दुसऱ्यांदा वगळली गेली.

विज्ञान आणि शेतीशास्त्राच्या प्रबंधांत वेगळी अडचण दिसते. तिथं स्वतःच्या प्रयोगाचे आकडे प्रामाणिक असतात, पण 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागाव्यात तशी वाक्यं एकामागे एक उभी असतात: अमुक यांना २००९ साली असं आढळलं, तमुक यांनी २०१२ साली असं नोंदवलं. दोघांचं एकमेकांशी पटतं का, नसेल तर का, यावर एक शब्द नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यावर विद्यार्थी आवडीनं काम करतात, कारण ते पाणी त्यांच्या घरचं आहे. दोन जुन्या अभ्यासांमध्ये क्षारांचं प्रमाण वेगळं दिसलं, तर आधी विचारायला हवं की नमुने पावसाळ्यापूर्वी घेतले होते की नंतर. विहीर उथळ होती की बोअर खोल होतं? गाव नदीकाठचं होतं की दूरचं? हे पाहिलं की दोन अभ्यासांमधला विरोध कधी मावळतो, तर कधी त्यातूनच नवा प्रश्न निघतो. तो प्रश्न म्हणजे तुमचा विषय. आढाव्याचं प्रकरण यासाठी असतं. आधीच्यांनी कुठपर्यंत काम केलं आणि माझं काम कुठून सुरू होतं, हे तिथं ठरतं.

हे आपल्या मुलांना जमतं का? उत्तम जमतं. आकोटकडची एक मुलगी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी १८९९-१९००च्या दुष्काळावर काम करत होती. अकोला जिल्ह्याच्या १९१०च्या गॅझेटिअरमधलं दुष्काळाचं विवेचन तिनं वाचलं आणि सुट्टीत घरी जाऊन आजीला विचारलं. आजीनं त्या वेळी लोकांनी तरोटा आणि रानातला पाला कसा शिजवून खाल्ला ते सांगितलं आणि लगेच म्हणाली, "म्या नाई पाह्यलं बाई, माही सासू सांगे." मुलीनं हे जसंच्या तसं नोंदवलं: सांगणारी कोण, तिनं कुणाकडून ऐकलं, ही नोंद कुठल्या गावी आणि कधी घेतली. मग तिनं लिहिलं की सरकारी नोंद मदतीच्या व्यवस्थेविषयी बोलते आणि घरातली आठवण चुलीविषयी. एकीनं दुसरी खोटी ठरत नाही, दोन्ही मिळूनही सगळं कळत नाही. लघुप्रबंध लहान होता, यादीही छोटी होती. पण तिच्या आजीच्या सासूचं सांगणं आता अभ्यासाच्या कामी येऊ शकतं, कारण ते कोणत्या वाटेनं आलं हे नोंदलेलं आहे. रिद्धपूरच्या पोथीलेखकांनी हेच केलं होतं.

माणसांचा आधार घेताना आपण फार कंजूष होतो, हेही सांगायला हवं. गावातले एखादे काका जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या काढून देतात, दिवसभर सोबत फिरतात, जेवू घालतात. प्रबंधात त्यांच्या वाट्याला 'गावकऱ्यांनी सहकार्य केले' एवढं येतं. पुस्तकाच्या लेखकाचं नाव पानासकट द्यायचं आणि ज्यानं सगळं तोंडी सांगितलं त्याला गर्दीत ढकलायचं, हा अन्याय आहे. गाडगेबाबांनी स्वतः पुस्तक लिहिलं नाही. ते आपल्यापर्यंत पोचले ते ऐकणाऱ्यांमुळे; प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांनी त्यांची चरित्रं लिहिली. बाबांच्या तोंडी एखादं वाक्य घालताना ते कुणी ऐकलं, कुठं लिहिलं, हे सांगणं त्यांचं नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाच्या संशोधकावर तर बंधनकारकच मानलं पाहिजे.

अलीकडे एक नवा प्रकार सुरू झाला आहे. मुलं मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून पुस्तकांची यादी आणतात आणि ती पुस्तकं मागतात. लेखक खरा असतो, प्रकाशन खरं असतं, आणि पुस्तक अस्तित्वातच नसतं. यादीच महत्त्वाची, असं आपण शिकवत राहिलो, तर अशी यादी बनवून देणारं साधन मुलं वापरणारच. पुस्तक हातात घेऊन पान उघडण्याला पर्याय नाही, हे त्यांना नियमानं सांगण्यापेक्षा सवयीनं पटवावं लागेल.

त्यासाठी माझ्या काही मागण्या आहेत. पदवीच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक विषयात एक स्वाध्याय असा द्यावा, की एकाच गोष्टीवर एकमेकांशी न पटणारी दोन साधनं वाचायची आणि एका पानात लिहायचं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकानं तयार प्रकरणाआधी विद्यार्थ्याची टिपणवही पाहावी. कोणत्या पानावरून काय घेतलं आणि स्वतःचं मत कोणतं, हे त्या वहीत वेगळं दिसलं पाहिजे. कितीतरी चोऱ्या वहीत हे दोन्ही मिसळल्यामुळे होतात. संशोधन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आयोगानं लागू केलाच आहे. तो व्याख्यानांत संपवण्याऐवजी ग्रंथालयात, गॅझेटिअर आणि आत्महत्यांच्या तक्त्यांसारखी स्थानिक साधनं समोर ठेवून शिकवावा. मौखिक परीक्षेत परीक्षकानं संदर्भसूचीतली कुठलीही तीन नावं निवडून विचारावं: हे कुठं पाहिलं, यातलं काय घेतलं, याच्याशी कुठे पटलं नाही? हा प्रश्न येणार हे ठाऊक असलं की याद्या आपोआप खऱ्या होतील.

आणि रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. त्या विद्यापीठानं मराठीतून संदर्भ कसे द्यावेत याची एक अधिकृत पुस्तिका काढावी. इंग्रजी पद्धतींमधले नमुने आपण उसने आणतो, पण पोथीतला पाठभेद, जात्यावरची ओवी, सातबाऱ्यावरची नोंद, ग्रामसभेचा ठराव, आजीनं सांगितलेली आठवण यांचा संदर्भ कसा लिहायचा, हे मराठीत एका जागी सांगणारं काहीतरी विद्यार्थ्याच्या हाती हवं. हे काम रिद्धपूरइतकं दुसऱ्या कुठल्याही गावाला शोभणार नाही.

वऱ्हाडाविषयी आज लिहिलेला प्रत्येक प्रबंध उद्या कुणाचा तरी आधार होणार आहे. धोरण ठरवणारा अधिकारी तो वाचेल, पत्रकार त्यातला आकडा उचलेल, पुढची विद्यार्थिनी त्यावर आपलं काम उभं करेल. तो आधार भक्कम आहे की पोकळ, हे तिला वाचून ठरवता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारी प्रत्येक खूण प्रबंधात ठेवणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती ठेवायला शिकवणं ही आपल्या महाविद्यालयांची.